दारातला मारेकरी आणि सत्याचे ऋण

नीतिशास्त्राच्या प्राथमिक वर्गात कांटची ओळख बहुधा एका दृष्टांताने होते. मित्र घरात लपलेला आहे. मारेकरी दारात उभा राहून त्याचा ठावठिकाणा विचारतो आहे. अशा वेळी खोटे बोलावे काय? सत्य सांगण्याचे कर्तव्य हे ज्याला सत्यावर हक्क आहे त्याच्यापुरतेच असते, असे प्रतिपादन फ्रेंच लेखक बेंजामिन कॉन्स्टंट याने १७९७ साली केले. त्याच वर्षी कांटने त्याला उत्तर दिले. सत्यवचन हे समोरच्या व्यक्तीचे देणे नव्हे, ते मानवमात्राविषयीचे कर्तव्य आहे. करार आणि कायदा यांचा आधारच त्यावर उभा असल्याने त्याला अपवाद संभवत नाही.

हे उत्तर निष्ठुर वाटते, आणि ते तसे वाटणे स्वाभाविकही आहे. परंतु कॉन्स्टंटचे तत्त्वही निर्धोक नाही. सत्यावर हक्क कोणाचा, हे ठरवणारा बोलणाराच असतो. भयभीत यजमानाच्या तोंडी हे तत्त्व न्याय्य ठरते. शासनाच्या हाती गेल्यावर मात्र नागरिकच सत्याचा अनधिकारी ठरवला जाऊ शकतो.

कांटच्या युक्तिवादाची घडण येथे लक्षात घेण्याजोगी आहे. मित्र नकळत बाहेर निसटला असेल आणि 'तो घरी नाही' या उत्तरामुळे मारेकऱ्याची व त्याची वाटेत गाठ पडली, तर दायित्व खोटे बोलणाऱ्याचे, असे तो म्हणतो. खरे बोलणारा मात्र परिणामांच्या दोषातून मुक्त राहतो. म्हणजे दृष्टांत दाराशीच संपतो. सत्य सांगितल्यावर मित्राचा जीव गेला, तर त्यानंतर यजमानाने कसे जगावे, हा प्रश्न तेथे उद्भवतच नाही.

महाभारताच्या कर्णपर्वातील कौशिकाची कथा नेमकी येथून पुढे जाते. सत्यव्रती कौशिक पाठलाग करणाऱ्या दस्यूंना पळालेल्या लोकांची वाट दाखवतो. ते मारले जातात आणि कौशिक नरकात जातो. प्रतिज्ञापालनासाठी युधिष्ठिरावर शस्त्र उपसणाऱ्या अर्जुनाला आवरताना कृष्ण ही कथा सांगतो. टिळकांनी 'गीतारहस्या'त (१९१५) 'कर्मजिज्ञासा' या प्रकरणात सत्याच्या अपवादांचा हा प्रश्न पाश्चात्त्य नीतिग्रंथांच्या शेजारी ठेवून तपासला, तो यामुळेच.

मात्र महाभारत केवळ अपवादाचा परवाना देते, असे समजणे उथळपणाचे होईल. द्रोणवधासाठी युधिष्ठिर असत्य बोलतो, ते कृष्णाच्या सांगण्यावरून. तरीही जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ त्या क्षणी भुईला टेकतो आणि अखेरीस त्याला नरकाचे दर्शन घडते. साक्षीत खरे बोलल्याने कोणाचा वध होणार असेल, तर असत्य बोलावे, असे याज्ञवल्क्यस्मृती सांगते. पण त्यासाठी सरस्वतीप्रीत्यर्थ चरूचे प्रायश्चित्तही सांगते. खोटे बोलणे कर्तव्य ठरले तरी त्याचे खरे होत नाही.

कांटच्या व्यवस्थेत या शेषाला जागा नाही. कर्तव्यांचा परस्परविरोध संभवत नाही, हे त्याने १७९७च्याच 'नीतीची मीमांसा' या ग्रंथात म्हटले आहे. उपयुक्ततावादालाही हा शेष सहजी मानवत नाही, कारण हितकर कृती तेथे निर्दोषच असते. योग्य ते केल्यावरही खंत उरणे ही भावनिक दुर्बलता नसून नैतिक जाण आहे, हा मुद्दा बर्नार्ड विल्यम्स याने १९६५ साली पुन्हा ऐरणीवर आणला.

दारातल्या मारेकऱ्याशी खोटे बोलावे, यात फारसा संशय नाही. ते बोलून दार लावल्यावर आपल्यावर काही ऋण चढले आहे, हे माणसाला जाणवते काय, हा खरा प्रश्न आहे. ज्याला ते जाणवते, तो पुढच्या प्रसंगी खोटे बोलण्याआधी थांबतो. ज्याला जाणवत नाही, त्याला प्रत्येक दारात मारेकरीच दिसू लागतो.