कार्थेजच्या दोन लेकुरवाळ्या

पर्पेत्वा आणि फेलिसिता या संत स्त्रियांचा सण ७ मार्चला येतो. वसईत लहानपणापासून मी त्यांच्यावरची प्रवचनं ऐकत आले. प्रवचनात त्या नेहमी वीरांगनाच असतात. पुढे केव्हातरी पर्पेत्वाची तुरुंगात लिहिलेली रोजनिशी वाचली, आणि तिला सगळ्यात आधी कशाची चिंता होती ते कळलं. दुधाची. माझी सगळी नोकरी प्रसूती विभागात गेली. दुधाबद्दल फादरांपेक्षा मला जास्त कळतं, असं म्हणायला हरकत नसावी.

साल इ. स. २०३. कार्थेज म्हणजे आजच्या ट्युनिशियातलं, तेव्हाच्या रोमन आफ्रिकेतलं मोठं शहर. विबिया पर्पेत्वा बावीस वर्षांची, चांगल्या घरची, शिकलेली. लग्न झालेलं, अंगावर पिणारा मुलगा. बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्या काही जणांबरोबर तिला पकडलं. त्यांतच फेलिसिता होती, गुलाम आणि गरोदर. पर्पेत्वाचा नवरा या हकिकतीत कुठेच नाही. वडील मात्र चार वेळा येतात. रोमन रिवाजाला ते धरूनच होतं, कारण लग्नानंतरही बहुतेक मुली बाप जिवंत असेपर्यंत बापाच्याच सत्तेखाली असत.

पहिल्या भेटीत ते तिला धर्म सोडायला सांगतात, तेव्हा ती त्यांना समोरचं मडकं दाखवते. याला मडक्याशिवाय दुसरं काही म्हणता येईल का? तसंच मलाही, ख्रिस्ती असताना, दुसरं काही म्हणवून घेता येणार नाही. बाप डोळे काढायला धावल्यासारखा अंगावर येतो. नंतर तोच बाप तिचे हात चुंबतो, पायांवर पडतो, आपल्या पांढऱ्या केसांची आठवण देतो, मुलीला मालकीण म्हणतो. सुनावणीच्या वेळी नातवाला घेऊन उभा राहतो. अधिकारी हिलारियानस त्यालाच छडीने मारायला लावतो, आणि तो मार जणू आपल्यालाच बसला असं मुलगी लिहिते. प्रवचनांत या बापाचा खलनायक होतो. मला तसं करता येत नाही, आणि तिनेही केलेलं नाही. खरं सांगायचं तर माझ्या वॉर्डात अशी मुलगी असती, तर मी बापाच्याच बाजूने बोलले असते.

आता दुधाचं. सुरुवातीला काळोखी कोठडी, उकाडा, गर्दी, आणि मूल भुकेने अर्धमेलं झालेलं. टर्शियस आणि पॉम्पोनियस या दोन डीकननी पहारेकऱ्यांचे हात ओले केले, तेव्हा काही तास बऱ्या जागी बसून तिला बाळाला पाजता आलं. पुढे बाळाला जवळ ठेवायची परवानगी मिळाली, आणि मग तुरुंगच तिला राजवाडा वाटू लागला. रिंगणात जनावरांपुढे सोडायची शिक्षा ठरल्यावर तिने बाळ मागवलं, पण वडिलांनी दिलं नाही. त्यावर ती लिहिते की देवाच्या कृपेने बाळाने पुन्हा दूध मागितलं नाही आणि तिच्या छातीलाही ठणका लागला नाही.

अंगावरचं दूध असं एकदम तोडलं की दोन-तीन दिवसांत छाती दगडासारखी होते, गाठी येतात, ताप भरतो. ते टळलं ही देवाची कृपा, असं लिहायला ते अंगावर काढलेली किंवा त्याला भ्यालेली बाईच हवी. हे कुणा पुरुषाने रचलं असेल असं मला वाटत नाही.

फेलिसिताला आठवा महिना होता. गरोदर बाईला देहदंड द्यायचा नाही, हा रोमन कायदा. म्हणजे सोबती मरणार, आणि हिला मागाहून भलत्याच गुन्हेगारांबरोबर मारणार. याचीच तिला धास्ती. सगळ्यांनी प्रार्थना केली आणि तिला कळा सुरू झाल्या. आठव्या महिन्याचं बाळंतपण अवघड, हे त्या हकिकतीतही आहे आणि आमच्या आज्यांच्या तोंडीही होतं. तिला कण्हताना ऐकून एक पहारेकरी हिणवतो, जनावरांपुढे काय करशील? तिचं उत्तर असं की आता सोसतेय ती मी एकटी, तिथे माझ्यात दुसरा कुणी असेल, तो माझ्यासाठी सोसेल. मुलगी झाली.

फेलिसिताचं हे सगळं आपल्याला पर्पेत्वाच्या रोजनिशीभोवती हकिकत जुळवणाऱ्याने सांगितलं आहे. फेलिसिताच्या हातचं काहीच नाही. रिंगणात चांगल्या घरची बाई आणि गुलाम एका पायरीवर आल्या, लेखणीपाशी नाही आल्या.

रिंगणातही दूध आहेच. दोघींना उघडं करून जाळ्यात आणलं, तर लोक शहारले: एक नाजूक पोर, दुसरी ओली बाळंतीण, छातीतून दूध गळतंय. रक्त बघायला आलेल्यांना दूध बघवलं नाही. दोघींना परत नेऊन अंगरखे घातले आणि मग पिसाळलेल्या गायीपुढे सोडलं. गायीने उडवलेली पर्पेत्वा उठते, फाटलेला अंगरखा सावरते, केस बांधते आणि जाऊन फेलिसिताला हात देऊन उठवते.

मग या धर्माने बाईला मोकळं केलं का? त्याच शहरात, त्याच काळात ख्रिस्ती लेखक टर्टुलियन लिहीत होता की बाईने सभेत बोलू नये, शिकवू नये, बाप्तिस्मा देऊ नये. दोनशे वर्षांनी संत ऑगस्टीनने या दोघींच्या सणाला प्रवचनं केली आणि त्यांच्या पुरुषी धैर्याची वाखाणणी केली. त्याला आधारही होता, कारण स्वप्नात आपण पुरुष होऊन एका इजिप्शियन मल्लाला लोळवलं, असं पर्पेत्वाच लिहिते. पण एका स्वप्नाला किती ताणायचं? जागेपणी ती लिहिते ते बाळाबद्दल. ख्रिस्तसभेने तिला मान दिला तो बाईपण वजा करून, आणि तिचा देव तर तिच्या छातीच्या दुखण्याची काळजी घेत होता. माझ्या मते त्या पहिल्या ख्रिस्ती बायांची श्रद्धा त्या काळजीत अधिक दिसते. आमची प्रवचनं अजून ऑगस्टीनच्या बाजूने आहेत.

फेलिसिताच्या मुलीला ख्रिस्ती मंडळीतल्या एका बहिणीने स्वतःची मुलगी म्हणून वाढवलं. हकिकतीत त्या बहिणीला एवढंच अर्धं वाक्य मिळालं आहे, नाव नाही. गुलाम बाईचं मूल कायद्याने मालकाचं. त्यात अपुऱ्या दिवसांचं, आणि आई गेलेली. कुणीतरी त्याला पाजलं असणार, रात्री उठून ऊब दिली असणार. येत्या ७ मार्चला मिस्सेआधी फादरांना गाठून मी सांगणार आहे, यंदा या बहिणीवर बोला.