शासनमान्य वध आणि अहिंसाविचार

हिंसा अपरिहार्य मानली की तिला मर्यादा घालणे एवढेच राज्यकर्त्याच्या हाती उरते. भारतात ही मर्यादा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियमाने घातली. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत मांडलेले खाजगी विधेयक पंडित नेहरूंच्या आश्वासनावरून मागे घेतले गेले व पुढे शासनानेच हा अधिनियम आणला. त्याची शब्दयोजना विचारणीय आहे. अन्नासाठी पशू मारणे हा अपराध नव्हे. मारताना ‘अनावश्यक’ वेदना देणे हा अपराध होय. वेदनेचे असे दोन भाग पाडले गेले, परंतु आवश्यक कोणाला, हा प्रश्न कलमाबाहेरच राहिला. पशूला तर कोणतीच वेदना आवश्यक नसते.

याच अधिनियमाखाली २००१ साली कत्तलखान्यांचे नियम झाले. गाभण जनावर मारू नये, तीन महिन्यांच्या आतले पिलू वा अशा पिलाची आई मारू नये, तपासणीनंतर जनावरास चोवीस तास विसावा द्यावा, एकाचा वध दुसऱ्याच्या दृष्टीसमोर करू नये, असे त्यांत आहे. हा शेवटचा नियम लिहिणाऱ्याने पशूलाही मरणभय असते हे मान्यच केले. आणि जेथे मरणभय तेथे जगण्याची इच्छा असणारा जीव आहे, हेही त्याला नाकारता येणार नाही. पशुवैद्याने तासाला बारांहून व दिवसाला शहाण्णवांहून अधिक जनावरे तपासू नयेत, असाही दंडक आहे. म्हणजे एका जिवाच्या वाट्याला पाच मिनिटे! त्या पाच मिनिटांत जनावर निरोगी आहे की नाही ते ठरते. मारणे योग्य की अयोग्य, हे ठरविण्याचे काम पशुवैद्याकडे दिलेले नाही. तरी त्याचा शिक्का पाहून खाणाऱ्याचे मन निःशंक होते, ते कशाच्या बळावर?

तर मग हे नियम व्यर्थ समजावेत काय? तसे म्हणणे कठोरपणाचे होईल. ‘हिंसा ती हिंसाच, तिला कसली प्रमाणे’ असे बोलणाऱ्याचे काही जात नाही. दूरवरून ट्रकमध्ये उभे राहून आलेल्या म्हशीला मात्र एक दिवसाचा विसावा खराच असतो. लीळाचरित्रातील ससिकरक्षणाची लीळा सर्वश्रुत आहे. पाठलागाने व्याकुळ झालेला ससा सर्वज्ञांच्या जानूखाली शिरला, पारधी मागावयास आले, आणि अखेर त्यांनीच तो सोडून दिला. तेथे पारध्याचे अंतःकरण पालटले. नियमाला अंतःकरणापर्यंत पोहोचता येत नाही; तो हातापर्यंतच पोहोचतो. पण हात आवरला गेला, तर तेही सशाच्या हिताचेच.

समुद्रात मात्र हाताचाही विचार झालेला दिसत नाही. अधिनियमाच्या व्याख्येप्रमाणे मनुष्याहून इतर प्रत्येक जिवंत जीव हा प्राणी; म्हणजे बांगडाही आलाच. जून-जुलैत यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते ती माशांची वीण व्हावी, पुढील हंगामी जाळे रिते येऊ नये म्हणून. ही दूरदृष्टी होय. तिला दया म्हणता येत नाही.

हीच उपयोगाची दृष्टी जमिनीवरही आढळते. महाराष्ट्राच्या १९७६ च्या पशुसंरक्षण अधिनियमाने गोवधास बंदी केली; १९९५ च्या दुरुस्तीला राष्ट्रपतींची संमती २०१५ साली मिळाली तेव्हा बैल व वळूही त्या संरक्षणात आले. म्हैस-रेडा मात्र दाखल्यावर राहिले. ओढकामाला, पैदाशीला, दुधाला जनावर उपयोगी असेल तर दाखला मिळत नाही. उपयोग सरला की मिळतो. जगण्याचा अधिकार येथे जिवाकडे नसून त्याच्या कामाकडे आहे.

आणि येथे मांस वर्ज्य केलेल्या साधकालाही बाजूला उभे राहता येत नाही. म्हैस व्याल्याशिवाय दूध नाही, आणि व्याली की निम्म्या वेळा रेडकूच होणार. नांगराला ट्रॅक्टर आला, पैदाशीला थोडे रेडे पुरतात. उरलेल्यांना सहसा कोणी पोसत नाही. त्यांच्या तोंडचे दूध तांब्यात येते, त्याचे दही लागते, ते प्रसादाच्या ताटातही असते. दाखल्यावर सही पशुवैद्याची असते. परंतु ते रेडकू निरुपयोगी ठरले ते कोणाच्या घरच्या दुधापायी, हे त्या कागदावर लिहावयास जागा नसते.