गोळी घेतली तर उपास मोडतो का?

आषाढी जवळ आली की गावच्या आरोग्य उपकेंद्रात हा प्रश्न हमखास येतो. शुगरच्या गोळ्या न्यायला आलेली बाई पाकीट पिशवीत टाकता टाकता हळूच विचारते, "सिस्टर, एकादशीला गोळी चालते ना?" वरवर प्रश्न औषधाचा वाटतो, पण तो आहे धर्माचा. त्यावर अनेकदा एकच उत्तर मिळतं, "तुम्ही उपास करूच नका." बाई मान डोलावते, घरी जाते आणि उपास करते. गोळीचं काय करायचं हे मग तिचं तीच ठरवते.

आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. तिशीपुढच्या प्रत्येकाची तपासणी व्हावी म्हणून आशाताई घरोघरी फॉर्म भरतात. पण हा आजार रोज सांभाळायचा तो घरात, आणि घरात चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र असतंच.

शरीरात काय घडतं ते पाहू. ग्लिमेपिराइडसारखी गोळी पोट रिकामं असलं तरी साखर उतरवतच राहते. निर्जळी उपासात ती घेतली तर हात थरथरतात, दरदरून घाम फुटतो, शुद्धही हरपू शकते. उलट, गोळी टाळली आणि दिवसभर साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, वर केळं असं झालं, तर साखर भडकते. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात पंच्याऐंशी ग्रॅमांहून अधिक कर्बोदकं असतात. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण मधुमेह्याच्या बाबतीत अक्षरशः खरी ठरते.

आणि साबुदाणा परंपरेतला तरी किती जुना? तो ज्या कसाव्याच्या कंदापासून बनतो तो कंद, बटाटा आणि शेंगदाणा हे तिन्ही दक्षिण अमेरिकेतून आले, तेही गेल्या चार-पाचशे वर्षांत. म्हणजे 'उपासाला चालतं' ही यादी माणसांनीच वाढवत नेली. प्रकृतीसाठी तीत कुणी बदल केला तर तो अधर्म कसा ठरेल?

व्रताचा गाभा संकल्पात असतो, आणि संकल्प करणाऱ्याने आपली ताकद ओळखावी हे परंपरेलाही मान्य आहे. 'कुमारसंभवा'च्या पाचव्या सर्गात बटूच्या वेशातला शंकर तप करणाऱ्या पार्वतीला विचारतो, की हे तप तू शरीराला झेपेल इतपतच करते आहेस ना? उपकेंद्रातल्या सिस्टरने नेमकं हेच विचारायला हवं. मनाई करण्यापेक्षा त्यात अधिक आदर आहे आणि अधिक उपयोगही.

रमजानचा अनुभव इथे फार शिकवून जातो. कुराणात आजारी माणसाला रोज्यातून स्पष्ट सूट आहे. तरीही २००१ साली १३ देशांत झालेल्या एका मोठ्या पाहणीत टाइप २ मधुमेहाच्या सुमारे ७९ टक्के रुग्णांनी रमजानमध्ये किमान १५ दिवस रोजे ठेवल्याचं आढळलं. सूट असूनही माणसं ती घेत नाहीत, कारण उपास हा त्यांच्या श्रद्धेचा, घराचा, सगळ्यांसोबत असण्याचा भाग असतो. ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी हे ओळखून रमजानच्या आधी रुग्णांचे वर्ग घेतले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, शिकवलेल्या गटात साखर उतरण्याचे प्रसंग नऊवरून पाचवर आले. न शिकवलेल्या गटात ते नऊवरून छत्तीसवर गेले.

असा वर्ग आषाढीच्या पंधरा दिवस आधी प्रत्येक उपकेंद्रात व्हायला काय हरकत आहे? श्रावणाआधी, नवरात्राआधी, रमजानआधीही व्हावा. गावातले कीर्तनकार आणि मौलाना त्यात शेजारी बसले, तर एकादशीला गोळीने व्रत भंगत नाही आणि आजाऱ्याला रोज्यातून सूट आहे, हे पटायला वेळ लागणार नाही.

तोवर, ज्यांना मधुमेह आहे आणि उपासही सोडवत नाही, त्यांनी तो डॉक्टरांपासून लपवू नये. गोळीची मात्रा आणि वेळ त्यांना विचारूनच बदलावी, इन्सुलिन तर परस्पर बंद करूच नये. निर्जळी टाळावी, साबुदाण्याऐवजी ताक, दही, काकडी, मूठभर शेंगदाणे बरे. आणि थरथर सुटली किंवा साखर ७० च्या खाली गेली, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावी आणि त्या दिवशीचा उपास तिथेच सोडावा.