लग्नापूर्वी घरची वाट
(शास्त्रपाठ : उत्पत्ति, अध्याय 24, मार्क, अध्याय 7, वचने 9 ते 13)



वैशाख जवळ आला म्हणजे आपल्या मंडळ्यांत लग्नांचे पुकारे सुरू होतात. पुष्कळ ठिकाणी ते तीन रविवार वाचले जातात, आणि त्या तीन रविवारांत घरोघर काय धांदल चालते हे पाळकास ठाऊक असते. कपडे, दागिने, मांडव, आचारी, बँडवाले, छापील पत्रिका या सर्वांस वेळ मिळतो. एका गोष्टीस मात्र वेळ मिळत नाही. मालवणाकडील एखाद्या वाडीत, माडांच्या सावलीत, वधूचे किंवा वराचे मूळ घर उभे असते. तेथे अजून आजी आहे, थोरले काका आहेत. आणि बापाने बाप्तिस्मा घेतला त्या दिवसापासून त्या घराशी जाणेयेणे तुटलेले असते. त्या घरी कोण जाणार, हा प्रश्न निघाला की सगळे गप्प बसतात. कोणी म्हणतो, पत्रिका टपालाने पाठवू. कोणी म्हणतो, फोनवरून पत्रिकेचे चित्र पाठविले की कर्तव्य झाले. आणि कोणी उघड म्हणतो, ज्यांनी आम्हांस टाकले त्यांस बोलवावयाचे कशाला?

त्या गप्प बसण्याविषयीच आज थोडे लिहावयाचे आहे.

उत्पत्तीच्या 24 व्या अध्यायातील गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. अब्राहाम वृद्ध झाला, मुलाचे लग्न करावयाचे, म्हणून त्याने आपल्या घरातील सर्वांत जुन्या सेवकास दहा उंट देऊन आपल्या आप्तांकडे धाडिले. विहिरीची गोष्ट गोड आहे, म्हणून आपण लगबगीने विहिरीपाशी जातो आणि त्यापूर्वी जे घडले ते सोडून देतो. अब्राहामाने कोणत्या आप्तांकडे माणूस धाडिला? यहोशवाच्या पुस्तकाच्या 24 व्या अध्यायात स्पष्ट लिहिले आहे की अब्राहामाचा बाप तेरह व त्याचे घराणे दुसऱ्या देवांची सेवा करीत असत. रिबकेचा भाऊ लाबान, त्याच्या घरात पुढे कितीएक वर्षांनंतरही देवमूर्ती होत्या. त्या त्याच्या मुलीनेच चोरून नेल्या, हे 31 व्या अध्यायात आहे. म्हणजे ज्या घरातून परमेश्वराच्या शब्दावरून अब्राहाम निघाला, ज्या घरात त्याचा देव मानला जात नव्हता, त्याच घरी मुलाच्या लग्नापूर्वी त्याने आपले माणूस पाठविले. बाहेर निघालो म्हणून नाते मेले, असे त्या विश्वासणाऱ्यांच्या बापास वाटले नाही.

पण त्याच अध्यायात दुसरी गोष्टही आहे, आणि ती पहिलीइतकीच ठाम आहे. सेवकाने विचारिले की मुलगी इकडे येण्यास कबूल न झाली, तर तुझ्या मुलास तिकडे परत न्यावे काय? अब्राहामाने त्यास दोन वेळा बजाविले की मुलास परत तेथे नेऊ नको. आप्तांकडे जा, पण मागे फिरू नको. आपल्यांतले काही जण पहिले वाक्य विसरतात, काही दुसरे विसरतात. आणि दोन्ही एकत्र धरणारा माणूस मंडळीत विरळा भेटतो.

आपल्या भाषेत लग्नकार्यास आप्तांना आणावयास जो जातो तो मूळ घेऊन जातो असे म्हणतात. त्या सेवकाचे जाणे असेच होते. वाट शेकडो मैलांची, उंटांची, वाळवंटाच्या कडेची. आपल्या आजोबांच्या काळी मालवणाची वाटही काही सोपी नव्हती. मुंबईहून यावयाचे म्हणजे आगबोट. बंदराच्या तोंडाशी खडक, म्हणून बोट दूर उभी राही आणि उतारू पडावांतून किनाऱ्यास येत. पावसाळ्यात बोटी बंद. जे काही शुभकार्य ते आगोटीपूर्वी उरकावे लागे. तरी माणसे येत. आता 1998 सालापासून कोकण रेल्वे पूर्ण सुरू आहे. मालवणास रेल्वे नाही, पण कणकवली, सिंधुदुर्ग किंवा कुडाळ यांपैकी एका स्थानकावर उतरून एस. टी. अथवा रिक्षा धरिली की झाले. सडकेने येणारास मुंबईपासून सुमारे 500 किलोमीटर पडतात. महामार्ग कसालला सोडावयाचा, की पुढची वाट थेट समुद्राकडे जाते. इतके सोपे झाले, आणि आपण पत्रिका टपालाने पाठवितो!

येथे एक गंभीर गोष्ट सांगितली पाहिजे. पुष्कळ जण म्हणतात, आता घाई आहे, लग्न उरकले की जोडपे घेऊन सावकाश जाऊ. 17 जुलै 1947 रोजी रामदास नावाची आगबोट मुंबईहून रेवसकडे जात असता बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. त्यांतली पुष्कळ सणाकरिता घरी निघाली होती. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील जुना पूल पुरात वाहून गेला, आणि कोकणातून मुंबईकडे निघालेल्या दोन एस. टी. गाड्या प्रवाशांसह नदीत गेल्या. शिलोहाच्या बुरुजाखाली मेलेल्यांविषयी प्रभूने जे शिकविले ते ध्यानात ठेवून, ती माणसे आपल्याहून अधिक पापी होती असे कोणी समजू नये. मात्र आपल्याही हाती उद्याचा दिवस नाही, असे याकोबाने पत्राच्या चौथ्या अध्यायात लिहिले आहे. आणि आजीचे वय तर आपणांस ठाऊक आहे.

आता जे शास्त्राचा आधार देऊन जाण्याचे टाळितात त्यांच्याकडे वळू. ते म्हणतात, बाप व मुलगा यांत फूट पाडावयास मी आलो आहे असे प्रभूनेच सांगितले. होय, सांगितले. परंतु फूट पडेल असे सांगणे वेगळे, आणि पडलेली फूट आपण होऊन रुंद करणे वेगळे. मार्काच्या सातव्या अध्यायात त्याच प्रभूने परूश्यांस काय म्हटले ते वाचा. आईबापांस जे द्यावयाचे ते देवास अर्पिले आहे, ते कुर्बान आहे, असे म्हणून ते लोक आईबापांची सेवा चुकवीत. म्हणजे देवाचे नाव पुढे करून घरच्यांचा वाटा बुडवीत. प्रभूचा त्यांवर फार कोप झाला. आम्ही ख्रिस्ताचे झालो म्हणून आता आम्हांस काकांशी काम नाही, असे म्हणणारा आजचा मनुष्य कुर्बानच म्हणत आहे. फक्त शब्द बदलला आहे. ज्याने वधस्तंभावर लोंबकळत असता आपल्या आईच्या राहण्याची सोय केली, त्याच्या नावाने हे व्हावे काय?

तेव्हा जावे. पण जाऊन वागावे कसे? येथेच खरी अडचण आहे, आणि या बाबतीत उपदेशकांना वारंवार प्रश्न येतात, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

खळ्यात शिरताच वडील माणसे समोर येतील. त्यांच्या पाया पडावे की नाही, असे तरुण मंडळी विचारितात. याकोब आपला भाऊ एसाव यास भेटावयास गेला, तेव्हा त्याने सात वेळा भूमीपर्यंत नमन केले, आणि त्याच्या पूर्वरात्री तर तो देवाशी झगडून आशीर्वाद घेऊन आला होता. वडीलधाऱ्यांपुढे वाकणे म्हणजे मूर्तिपूजा नव्हे. ताठ मानेने उभे राहून आपला धर्म दाखविण्याची काही जणांस हौस असते. तिच्यात ख्रिस्ताचे काही नाही.

अब्राहामाच्या सेवकापुढे अन्न वाढिले, तेव्हा त्याने प्रथम आपले काम सांगितले आणि मग जेवला. हे फार शहाणपणाचे आहे. पडवीत बसून चहा झाल्यावर, जेवण झाल्यावर, निघता निघता पत्रिका पुढे करू नका. आधीच सांगा : मुलीचे लग्न ठरले आहे, ते देवळात प्रार्थनेने होणार आहे, अमुक दिवशी आहे, आणि तुमच्या आशीर्वादावाचून आम्हांस ते उणे वाटेल. लपवून जेवणे आणि मग सांगणे यापेक्षा सांगून उपाशी परत येणे बरे.

मग काका म्हणतील, "चेडवाचा लगीन आसा, देवाक नारळ ठेवूक नको?" गावाच्या देवतेस नारळ ठेवून गाऱ्हाणे घातल्यावाचून कार्य आरंभू नये, ही या किनाऱ्यावरची जुनी रीत आहे, आणि काका ते प्रेमाने विचारीत आहेत, मुलीचे बरे व्हावे म्हणून विचारीत आहेत. त्यांच्या प्रेमास उत्तर प्रेमाने द्यावे, आणि नारळाविषयी नाही म्हणावे. दोन्ही एकाच श्वासात म्हणता येतात. देवाची टिंगल करू नये, जुन्या चालीरीतींवर व्याख्यान देऊ नये. आम्ही ज्या देवापाशी गाऱ्हाणे घालतो त्याच्यापाशी मुलीसाठी रोज घालतो आहो, आणि काका, तुमच्यासाठीही घालतो, एवढे पुरे. आणि काकांनी आपल्या हातून, आपल्या मनाने नारळ ठेविला, तर त्यांशी भांडू नये; ते आपल्या नावाने ठेवा असे मात्र म्हणू नये.

जेवणाविषयी पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 10 व्या अध्यायात सांगून ठेविले आहे. पुढे वाढलेले खावे, विचारपूस करू नये. पण हे देवास वाहिलेले आहे असे कोणी सांगितले, तर सांगणाऱ्याच्या मनासाठी ते खाऊ नये. काकूने कुळथाची पिठी आणि भात वाढिला, तर कशाला चौकशी करिता? आनंदाने जेवा. उलट बाजूने, आपल्या येथील लग्नाच्या पंगतीस ते बसले नाहीत, तर मनास लावून घेऊ नका. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895 रोजी झाला आणि लक्ष्मीबाईंचा 1900 साली. त्यापूर्वीच त्या पतीकडे राहावयास आल्या होत्या, आणि आपले सोवळे सांभाळून वेगळा स्वयंपाक करीत. टिळकांनी ते सोसले, आणि बाईंनीही पतीचे नवे जग सोसले. नवरा-बायकोत जर इतका धीर लागला, तर चुलतभावाच्या घराशी थोडा अधिक लागेल. जो पंगतीस बसत नाही त्यास शहाळे द्यावे. मांडवात त्याची खुर्ची पुढच्या रांगेत असावी.

एक गोष्ट कोणी बोलत नाही, पण दोन्हीकडच्या मनात असते, ती जमिनीची. बाप्तिस्मा घेतलेला भाऊ इतक्या वर्षांनी दारात आला की घरच्यांस प्रथम सातबारा आठवतो. कायदा काय आहे तो उपदेशकांनी जाणून असावा. 1850 सालच्या 21 व्या कायद्याने धर्म बदलल्यामुळे माणसाचा वारसाहक्क जाऊ नये असे ठरले. पुढे 1956 च्या हिंदू वारसा कायद्याच्या 26 व्या कलमाने असे ठरले की धर्मांतरानंतर जन्मलेल्या मुलांस, ती वारसा उघडतेवेळी स्वतः हिंदू नसतील तर, हिंदू नातलगांचा वारसा मिळत नाही. म्हणजे बापाचा हक्क राहिला असेल. पण ज्या मुलीचे लग्न आहे, ती बापाच्या बाप्तिस्म्यानंतर जन्मली व ख्रिस्ती आहे, तिच्यापासून काकांच्या माडांस भय नाही. बापाचा वाटा असेल तर तो मागणे पाप नव्हे. मात्र लग्नाची पत्रिका आणि वाटणीची गोष्ट एकाच पिशवीतून नेऊ नये. त्या दिवशी कोणी जमिनीचा विषय काढिलाच, तर आज मी त्यासाठी आलो नाही, असे सरळ सांगावे. आणि मग खरोखरच काढू नये.

आणखी एक. ज्या मुलीचे लग्न तिला बरोबर न्या. रिबकेच्या घरच्यांनी दहा दिवस तरी थांब म्हणून आग्रह केला, पण शेवटी मुलीसच बोलावून विचारिले, आणि तिचे उत्तर मानिले. आपल्या मुलीसही आजीला पाहण्याचा हक्क आहे. बापाच्या आणि काकांच्या भांडणात ती जन्मलीही नव्हती. पुष्कळदा असे होते की दोघे पुरुष पडवीत अवघडून बसलेले असतात, आणि आत चुलीपाशी आजी नातीच्या केसांत अबोली माळीत असते.

दार न उघडले तर? तेही होते. याकोब व एसाव गळ्यात पडून रडले, तरी नंतर एक सेईरास गेला आणि दुसरा सुक्कोथास राहिला. ते एकत्र नांदले नाहीत. पण बाप इसहाक मेला तेव्हा दोघांनी मिळून त्यास पुरिले, हे 35 व्या अध्यायाच्या शेवटी आहे. दार बंद असल्यास उंबऱ्यावर पत्रिका ठेवावी, शेजारच्या घरी निरोप सांगावा, वाडीत कोणाजवळ तक्रार करू नये. निघताना आपल्याकडे कोणी जातो म्हणत नाही, येतो म्हणतात. बंद दारासही तेवढे म्हणावे.

उपदेशक बंधूंनी या कामी एवढे करावे. पहिला पुकारा वाचला की त्या कुटुंबास विचारावे, घरी केव्हा जाता? सोमवार किंवा मंगळवार ठरवून द्यावा, नाहीतर तिसरा रविवार येतो. गाडीभाड्याची अडचण असेल तर मंडळीच्या दानातून ती भागवावी. त्यांबरोबर स्टँडपर्यंत जावे, तेथे प्रार्थना करावी, आणि पुढे त्यांना एकटे जाऊ द्यावे. त्या खळ्यात त्या दिवशी पाळकाचे काम नाही.