‘का?’च्या रकान्यात

माझी भाची इंग्लंडात लेस्टरला असते. वय 43. पुण्यातून इंजिनीअर झाली आणि पुढची सगळी वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काढली. कंपनीनं कपात केली तेव्हा घराचा हप्ता थकू नये म्हणून तिनं एका केअर होममध्ये रात्रपाळी धरली. आता तिला नर्स व्हायचंय, रीतसर तीन वर्षांची पदवी घेऊन. तिकडे पदवीचे अर्ज यूकॅस या मध्यवर्ती संस्थेमार्फत जातात आणि सोबत स्वतःविषयीचं निवेदन जोडावं लागतं. मर्यादा 4000 अक्षरांची, शब्दांमधल्या मोकळ्या जागाही त्यातच. 2026 च्या प्रवेशापासून या निवेदनाचे तीन प्रश्न केले आहेत: हाच विषय का, आजवरच्या शिक्षणातून काय तयारी झाली, आणि शिक्षणाबाहेर काय केलं. शेवटचे दोन तिनं भराभर लिहिले. पहिल्यापाशी अडली. दिवाळीला पुण्यात आली तेव्हा तिनं तो मसुदा माझ्यापुढे ठेवला. मी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं, प्रवेशाच्या मुलाखतींनाही बसलो, म्हणून. मसुद्याची सुरुवात तिच्या आजीच्या, म्हणजे माझ्या आईच्या, शेवटच्या आजारपणानं होती.

मी : चांगलं लिहिलंयस. आईचं तू किती केलंस ते मी पाहिलंय.

ती : केलं, मामा. पण त्यामुळे मला नर्स व्हावंसं वाटलं नाही. आजी गेली आणि दोन महिन्यांनी मी इंजिनीअरिंगला प्रवेश घेतला. नंतर वीस वर्षं हा विचार मनाला शिवला नाही. घडलेलं म्हणून ते खरं आहे, कारण म्हणून खोटं आहे.

मी : मग खरं कारण काय?

ती : नोकरी गेली.

मी : ते निमित्त झालं.

ती : जे सांगायला लाज वाटते ते निमित्त, आणि जे मिरवता येतं ते कारण. असंच ना?

मी : तसं नाही. तुझ्याबरोबर आणखी कितीतरी जणांची नोकरी गेली. ते सगळे नर्स व्हायला निघालेत का?

ती : त्यांना दुसऱ्या नोकऱ्या मिळाल्या. मला केअर होमची मिळाली, कारण तिथे माणसं कमी होती आणि लगेच घेत होते.

मी : पण राहिलीस का तिथे?

ती : जमतं म्हणून. आता ‘मला जमतं’ हे कारण कुठल्या कागदावर शोभतं? तिथे ओढ लागते, ध्यास लागतो.

आणि मग तिनं मला एक गोष्ट सांगितली. 2007 साली यूकॅसनं सुमारे 50,000 निवेदनं तपासून पाहिली. त्यातल्या 234 जणांनी लिहिलं होतं की आठव्या वर्षी प्रयोग करताना पायजमा जळून भोक पडलं आणि तिथून विज्ञानाची गोडी लागली. एकाच नमुन्यावरून सगळ्यांनी उतरवलेलं. आता प्रत्येक निवेदन इतरांच्या निवेदनांशी ताडून पाहिलं जातं.

ती : माझी आजी म्हणजे तसाच पायजमा आहे.

मी : असं बोलू नकोस. त्या मुलांनी दुसऱ्याची आठवण चोरली. तुझी आजी तुझी आहे.

ती : आठवण माझी आहे, पण साचा उचललेला आहे. लहानपणापासून ओढ होती, मधे वाट चुकले, आता योग्य जागी येतेय. मी त्या वीस वर्षांना वाट चुकणं कशी म्हणू? त्यांच्यावर घर झालं, मुलं वाढली. ते काम मी मन लावून केलंय.

इथे मला थांबावंसं वाटतं, कारण हा वाद आमच्या दोघांपुरता नाही. तत्त्वज्ञ ॲलिस्डेअर मॅकिंटायर यांनी 1981 मध्ये ‘आफ्टर व्हर्च्यू’त मांडलं की माणसाच्या कृतीला अर्थ येतो तो ती एखाद्या गोष्टीचा भाग असते म्हणून, आयुष्य आपण कथेच्या रूपातच समजून घेतो. 2004 मध्ये गेलन स्ट्रॉसन यांनी याला कडाडून विरोध केला. सगळी माणसं आपलं आयुष्य कथा म्हणून जगत नाहीत, जगावं अशी सक्तीही नाही, आणि स्वतःची कथा पुन्हापुन्हा सांगणारा स्वतःच्या नेमक्या ओळखीपासून दूर जाण्याचा धोका पत्करतो, असं त्यांचं म्हणणं. वर्गात मी मॅकिंटायरच्या बाजूनं बोलत आलो. भाचीनं यातलं काही वाचलेलं नाही, पण ती स्ट्रॉसनच्या बाजूला उभी होती, आणि तिच्यापुढे अर्जाची मुदत होती.

मी : मागचं राहू दे. पुढचं लिही. आनंदीबाई जोशी आठव. चौदाव्या वर्षी झालेलं बाळ दहा दिवसांत गेलं, तिथून आपण त्यांची गोष्ट सुरू करतो. पण 1883 मध्ये, अठराव्या वर्षी, त्यांनी पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय कॉलेजला अर्जाचं पत्र लिहिलं, त्यात जोर आहे तो पुढे काय करायचं यावर. पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या इथल्या बायकांसाठी त्यांना डॉक्टर व्हायचं होतं. कारण भूतकाळातच सापडायला हवं असं थोडंच आहे?

ती : त्या पत्र लिहायला बसल्या तेव्हा कितीतरी जणांचा विरोध सोसून अमेरिकेत पोचल्या होत्या. त्यांच्या हेतूचा पुरावा त्या स्वतःच होत्या. नुसता हेतू काय, कुणीही लिहितं. नर्सिंगला घेताना एनएचएसची, म्हणजे तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेची, मूल्यं बघतात, म्हणून प्रत्येकाच्या निवेदनात ‘करुणा’ असतेच.

मी : तुझा पुरावा रात्रपाळी. एक रात्र लिही.

मग तिनं सांगितलं. एका बाईंबद्दल सांगितलं, त्यांचे तपशील मी इथे गाळतो, त्याचं कारण पुढे येईलच. काम तेवढं लिहितो. डिमेन्शियात काहींना पाणी गिळता येत नाही, ते श्वासनलिकेत जातं. म्हणून पाण्यात पावडर ढवळून ते दाट करायचं. माणसाला सरळ बसवायचं, हनुवटी थोडी खाली, चमचा अर्धाच भरायचा. तोंड मिटलं म्हणजे गिळलं असं नाही. गळ्याकडे बघत थांबायचं, घोट उतरलेला दिसला की मग दुसरा चमचा. पुष्कळ जण चमचा ढकलतात, कारण ते दाट पाणी त्यांना पाणी वाटतच नाही. घाई केली की ठसका. एका पेल्याला अर्धा तास सहज जातो.

ती : टेस्टिंगमध्येही मी हेच करायचे, मामा. कुठे अडतंय ते न चिडता बघत बसायचं.

मी : हेच लिही! त्या बाईंसकट लिही. यापेक्षा चांगलं उत्तर नाही.

ती : त्यांच्याबद्दल नाही लिहिणार.

मी : नाव घालू नकोस.

ती : नाव काढलं म्हणजे परवानगी मिळाली का? त्या हो म्हणू शकत नाहीत आणि नाहीही म्हणू शकत नाहीत. आपली ओली हनुवटी कुणा प्राध्यापकानं वाचावी हे त्यांना चाललं असतं का? नर्सला रुग्णाची गुप्तता पाळावीच लागते. आत शिरण्यासाठीच ती मोडू?

मी : या पदवीला 4600 तास लागतात, त्यातले निम्मे, 2300, प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाचे. त्यातल्या बहुतेक तासांना तू कुणाच्या तरी असहायतेवरच शिकणार आहेस.

ती : शिकेन, पण त्या वेळी मी त्यांच्या काही उपयोगी पडत असेन. निवेदनात मी फक्त घेते. त्यांना काय मिळतं?

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. मी विषय वयावर नेला. म्हटलं, नर्स होशील तेव्हा 47 ची असशील, ती जागा एखाद्या विशीतल्या मुलीला मिळाली तर ती चाळीस वर्षं काम करेल, असं कुणी म्हणालं तर? ती म्हणाली, मी वीस करेन, आणि ती मुलगी पाच वर्षांत सोडणार नाही याची हमी कुणी दिली? तो मुद्दा तिथेच संपला.

अर्ज जानेवारीच्या मुदतीआधी गेला. आजीचा परिच्छेद तिनं काढून टाकला. पहिल्या उत्तरात सरळ लिहिलं की नोकरी गेल्यामुळे या कामात आले आणि जमतंय म्हणून राहिले. गिळण्याचा त्रास असलेल्यांना भरवण्याचं कामही लिहिलं, माणसाशिवाय. मी फोनवर म्हटलं, माणूस काढलं की ते सूचनापत्रक होतं. ती म्हणाली, होऊ दे.

माझ्या मते त्या बाई निवेदनात यायला हव्या होत्या, आणि तिच्या मते नकोत. पण पहिल्या वाक्याबद्दल मी पूर्णपणे तिच्या बाजूचा आहे. माझ्यासारखे जे कुणी प्रवेशाच्या टेबलामागे बसत असतील त्यांना कळकळीनं सांगतो: चाळिशीतल्या माणसाच्या अर्जात बालपणीची ओढ शोधत बसू नका. ‘नोकरी गेली’ असं कुणी लिहिलं असेल तर तिथे कागद बाजूला ठेवू नका, त्यापुढचं वाक्य वाचा.