घरयादीत नसलेला प्रश्न

रविवारची दुपार. आई कैऱ्या अडकित्त्यानं फोडत होती, मी कोयी काढून फोडी पंचावर पसरत होते. परातीशेजारी ‘प्रिय बाई’ पालथं पडलं होतं. आठ दिवस झाले, एकेचाळिसाव्या पानाच्या पुढे सरकलं नव्हतं.

“वाच जा. कोयी मी बघते,” आई म्हणाली.

“वाचवत नाही. हे लिहिणाऱ्या, इटलीतल्या बार्बियानाच्या पोरांची शाळा रविवारीसुद्धा भरायची. मास्तरांच्या सुट्ट्यांवरच तर राग त्यांचा. तो मी सुट्टीत लोळून वाचायचा?”

“लोळून? सोळा तारखेपासून जनगणनेसाठी घरोघर हिंडतेयस. निवडणूक, जनगणना, आपत्ती. शिक्षण हक्क कायद्याच्या 27व्या कलमानं शिक्षकांच्या शाळेबाहेरच्या कामांना तीन दारं उघडी ठेवलीत, त्यातलंच हे एक.”

निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी कलमं तिला पाठ. आमच्या घरात देवाच्या आरत्या कमी आणि शासन निर्णय जास्त म्हटले गेले असावेत.

“परवा एका वस्तीवर गेले. दार उघडलं ते माझ्याच वर्गातल्या मुलीनं. दिवाळीआधी ऊसतोडीला गेलेली, एप्रिलात परतली. पाण्याचा तांब्या आणला आणि माझ्या गळ्यातलं ओळखपत्र वाचायला लागली. ‘प... प... गणक.’ प्र काही येईना. मी तिच्या आईला विचारत होते, भिंत कशाची, छप्पर कशाचं, पाणी कुठून आणता. तेहेतीस प्रश्न. पोरीला वाचता येतं का, हा त्यात नाही.”

“तो तुला विचारायचा होता.”

“म्हणून तर म्हणते. राहिलेल्या संध्याकाळी पुस्तक वाचू, की तिला जोडाक्षरं शिकवू?”

आईनं अडकित्ता खाली ठेवला. “मी दर मेमध्ये कादंबऱ्या वाचल्या. शाळेच्या उपयोगाचं एक पान नाही. जूनमध्ये वर्गात उभी राहिले की बोलायला काहीतरी नवं असायचं. सगळं पोरांच्या नावावर लिहून दिलंस, तर वर्गात नेशील काय? आणि बार्बियानाची शाळा चालवणाऱ्या त्या पाद्र्याचं मला सांगू नकोस. मिलानींना ना संसार, ना लोणचं.”

“पण पोरांचं तर खरं आहे ना?”

“खरं आहे. त्यांना नापास करून घरी पाठवलं होतं, म्हणून आठ जणांनी मिळून बाईंना पत्र लिहिलं. तुझ्या मुलीनं काय लिहावं?”

हे मला लागलं. कारण मी तिला नापास केलेलंच नाही. 1 मेला प्रगतिपुस्तक तिच्या हातात ठेवलं, त्यावर ‘उत्तीर्ण’ लिहिलेलं. त्यातही दोन जोडाक्षरं आहेत, हे आत्ता फोडी मोजताना सुचतंय. बार्बियानाच्या पोरांना निदान कुणावर चिडायचं ते ठाऊक होतं.

“कितवीत जाणार ती?”

“पाचवीत.”

आई थांबली. आमची शाळा चौथीपर्यंतच.

“म्हणजे जूनमध्ये ती तुझ्याकडे नाहीच.”

“नाही.”

मीठ-हळद लावून झाली. दादरा बांधताना आईनं विचारलं, “उद्या कुठं आहेस?”

“त्याच वस्तीवर. एका घराला कुलूप होतं, परत जायचंय.”

“तिच्या घरापासून लांब?”

“दोन घरं सोडून.”