हिस्सा

ओवे गावातला एक तरुण नगरसेवक झाला, त्या आठवड्यातली ही गोष्ट. २०१६ साली पनवेल महापालिका झाली, खारघरसह आसपासची गावं तिच्यात गेली आणि ज्या घरांनी ग्रामपंचायतीपलीकडे काही पाहिलं नव्हतं, त्या घरातली पोरं महापालिकेच्या सभागृहात बसू लागली. या पोराच्या ओटीवर हारांचा आणि शालींचा ढीग पडला होता. आजोबा झोपाळ्यावर बसून येईल त्याला दिबांच्या गोष्टी सांगत होते. त्यांच्या लेखी लोकप्रतिनिधी एकच होऊन गेला, दि. बा. पाटील.

आजोबांचं काही चुकत नव्हतं. जासईच्या शेतकऱ्याच्या घरी १९२६ साली जन्मलेला हा माणूस शिकून वकील झाला. १९५७ साली तो शेतकरी कामगार पक्षातर्फे पनवेलचा आमदार झाला आणि एकूण पाच वेळा विधानसभेत, दोनदा लोकसभेत गेला. विधानसभेत विरोधी पक्षनेता म्हणूनही त्यांनी काम केलं. पण या भागातली माणसं त्यांना पदांवरून ओळखत नाहीत. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण या पट्ट्यातल्या ९५ गावांची जमीन घ्यायचं ठरलं. तेव्हा पैसे घ्या नि बाजूला व्हा, असाच व्यवहार होता. दिबांनी तो मान्य केला नाही. ज्याच्या भातशेतीवर शहर उभं राहणार, त्याला त्या शहरात जागा मिळालीच पाहिजे, हे त्यांचं म्हणणं होतं. माझ्या मते त्यांच्या साऱ्या कारकिर्दीचं मोल या एका आग्रहात आहे. भाव वाढवून मागणारे पुष्कळ असतात, हिस्सा मागायला वेगळी नजर लागते. १९८४ च्या जानेवारीत, १६ आणि १७ तारखेला, उरण तालुक्यात पोलिसांनी आंदोलकांवर गोळ्या झाडल्या आणि पाच शेतकरी गेले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देणारी योजना आली ती १९९० साली, आणि १९९४ मध्ये तिच्यात सुधारणा झाली.

"एक एकर गेली तर किती मिळतं, सांग बघू," आजोबांनी नातवाला सर्वांसमोर विचारलं. पोरगा गडबडला. आजोबांनीच हिशेब मांडला. एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. त्याचे साडेबारा टक्के ५०६. त्यातले ३० टक्के सार्वजनिक सोयींसाठी कापून जातात, हातात येतात ३५४. "येवढा तुला पाठ पायजे. लोकं हार घालाया नाय, हिशेब विचाराया येतील."

तसंच झालं. संध्याकाळी गावातलीच एक माहेरवाशीण आली. पिशवीतून तिने स्टॅम्पपेपर काढला. भाऊ म्हणतात, सही कर, नुसतं कागदोपत्री आहे, बिल्डरला वारसांची कटकट नको. पोराने कागद हातात घेतला आणि मोठ्याने वाचला. हक्कसोडपत्र होतं. वडिलांच्या नावे मंजूर भूखंडावरचा आपला संपूर्ण हक्क आपण राजीखुशीने, विनामोबदला सोडत आहोत, असं त्यात लिहिलेलं. "ताई, सही केलीस की त्या जागेत तुझं काही उरणार नाही. वारसा कायदा १९५६ पासून आहे, बापाच्या मालमत्तेत तुझाही वाटा आहे. सोडायचा तर सोड, पण ठाऊक असून सोड." बाई थोडा वेळ कागदाकडे बघत राहिली. मग तो घडी करून पिशवीत घातला आणि सही न करता निघून गेली.

झोपाळा थांबला होता. रात्री जेवणं झाल्यावर आजोबांनी लोखंडी पेटी उघडायला लावली. आत सातबाऱ्याचे जुने उतारे, फेरफार, मोबदल्याच्या निवाड्याची नक्कल आणि तळाशी त्यांच्या बहिणीचं हक्कसोडपत्र. सहीच्या जागी निळ्या शाईचा अंगठा.

"तिला वाचून दाखवलं व्हतं?" पोराने विचारलं.

"नाय."

ही बहीण जासईला दिलेली. १९८४ साली पदर खोचून ती रस्त्यावर बसली होती, घोषणा तिने दिल्या होत्या. माणसं पडलेली तिने पाहिली होती. योजना आली, भूखंड मंजूर झाला, आणि भावाने तिला रिक्षातून पनवेलच्या निबंधक कार्यालयात नेऊन अंगठा घेतला. वर साडी दिली. गावोगाव हेच चालत होतं, म्हणून कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

तिचा वाटा तिला परत द्यायचा, असं पोराने म्हटलं, तेव्हा त्याच्या वडिलांनी विरोध केला. त्याच भूखंडाचा बिल्डरशी करार पुढच्या महिन्यात व्हायचा होता, निवडणुकीचं कर्ज त्यातून फिटायचं होतं. नोंदणी झालेला कागद फाडून रद्द होत नाही, वकीलही तेच म्हणाला. द्यायचं तर आजोबांनी आपल्यातून बक्षीसपत्र करायला हवं, सिडकोची परवानगी आणि शुल्क वेगळं. पोरगा एवढंच म्हणाला, "त्या ताईला काल मी जे सांगितलं, ते उद्या सभागृहात कुठल्या तोंडाने सांगू?"

रविवारी आजोबा आणि नातू जासईला गेले. आत्याआजी अंगणात सुकट निवडत होती. भावाने खाली बसून बक्षीसपत्राचा कागद पुढे केला आणि तो बोलू लागला. तिने त्याला हाताने थांबवलं.

"तू नको. पोराला वाचू दे. सगळा वाचू दे."

पोराने पहिल्या ओळीपासून वाचलं. गट क्रमांक आला, क्षेत्र आलं, ३५४ चौरस मीटरचा आकडा आला.

"त्यातला माझा किती?"

"निम्मा. १७७."

"मंग आकडा लिव त्यात. निम्मा नको लिवूस, आकडा लिव."